‘उद्याची चिंता करू नका’ आणि या महिन्याची फी

पत्र थोडक्यात: लिहिणाऱ्या ताई पिंपरी-चिंचवड भागात राहतात, एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहेत. त्यांचे मिस्टर वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत 21 वर्षं स्टोअर सुपरवायझर होते. कंपनीने इथलं काम बंद करून दुसऱ्या राज्यात नेलं, त्याला आता वर्ष होत आलं. सुरुवातीला त्यांनी चार-पाच मुलाखती दिल्या, पुढे शोधणंच थांबलं. आता पहाटे प्रार्थना, दिवसभर शास्त्रवाचन, शुक्रवारी उपास. चर्चच्या मंडळीतल्या एका ओळखीच्यांनी चाकणजवळच्या गोदामात 19 हजारांचं काम देऊ केलं. ‘प्रभूने माझ्यासाठी यापेक्षा चांगलं ठेवलंय, मध्येच हे धरलं तर ते दार बंद होईल,’ असं म्हणून त्यांनी ते नाकारलं. ग्रॅच्युइटीच्या पैशांतले 25 हजार एका संजीवन सभेत ‘विश्वासाचं बी’ म्हणून देऊन आले, ताईंना न विचारता. मुलगी बारावीत, मुलगा आठवीत. फीचा विषय निघाला की मिस्टर बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडतात: ‘उद्याची चिंता करू नका.’ ताई लिहितात: ‘परवा उपासनेत नेमकं तेच वचन वाचलं गेलं. आधी रडू आलं, मग देवाचाच राग आला, आणि राग आला म्हणून भीती वाटली. माझाच विश्वास कमी पडतोय का? गप्प राहून त्यांना साथ देऊ, की भांडून का होईना कामाला लावू?’

प्रिय ताई,

रात्रपाळी करून सकाळी घरी यायचं, डबे करायचे, दुपारी मिळेल तेवढं झोपायचं आणि पुन्हा ड्यूटीला उभं राहायचं. वर्षभर तुम्ही हे करत आला आहात. महिनाअखेर पैसे पुरतील का याची खात्री नसताना रोज घराबाहेर पडणाऱ्या बाईचा विश्वास कमी पडतोय, असं म्हणायला मी तयार नाही. तुमच्या मिस्टरांची प्रार्थना मनापासूनची आहे असं मी धरून चालते. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही मागणीही मत्तयाच्या त्याच सहाव्या अध्यायात आहे, चिंतेच्या वचनांच्या थोडी आधी. तुमच्या घरात ती मागणी रोज पुरी होते आहे, आणि ती तुमच्या हातून होते आहे. ते हे अजून बोलून दाखवत नसतील. पण तुम्ही तरी स्वतःला ते सांगा.

रागाचं म्हणाल, तर योहानाचा अकरावा अध्याय काढा. लाजरस मेला तेव्हा मार्था गावाबाहेर जाऊन येशूला गाठते आणि तोंडावर म्हणते, ‘प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.’ निरोप मिळूनही तो दोन दिवस होता तिथेच थांबला होता, म्हणजे तिच्या बोलण्यात तथ्य होतं. येशूने तिला दटावलं नाही. तो तिच्याशी बोलत राहिला, आणि ज्या अध्यायात ती ही तक्रार करते त्याच अध्यायात ती त्याला ख्रिस्त म्हणून कबूल करते. तेव्हा देवाचा राग आला म्हणून घाबरू नका. तो राग प्रार्थनेतच बोलून टाका.

आता तो उतारा. तुमच्या घरात तो किराणा आणि फीच्या बोलण्यावर उत्तर म्हणून वाचला जातोय, आणि दर वेळी शेवटापासून, म्हणजे 34 व्या वचनापासून. तो वाचायचा 24 व्या वचनापासून. तिथे येशू सांगतो की देवाची आणि धनाची चाकरी एकदम करता येत नाही, आणि ‘ह्यास्तव मी तुम्हांला सांगतो’ म्हणून पुढे चिंतेचा विषय काढतो. समोर बसले होते ते गालीलातले शेतकरी, कोळी, मजूर. हेरोदाचा आणि रोमचा कर भरून उरेल त्यात घर चालवणारी माणसं. डोंगरावरून उतरल्यावर त्यांनी जाळी टाकायची नाहीत, पेरणी करायची नाही, असा अर्थ त्यांच्यापैकी कोणी काढला असेल असं मला वाटत नाही. लूकच्या बाराव्या अध्यायात हीच शिकवण येते ती जुनी कोठारं पाडून मोठी बांधू पाहणाऱ्या श्रीमंत शेतकऱ्याच्या दाखल्यानंतर. भरलेल्या कोठारावर जीव ठेवणाऱ्याला जो इशारा आहे, तो मुलीच्या फीचा हिशेब मांडणाऱ्या आईला लावणं हा त्या वचनावरही अन्याय आहे.

पाखरांवरचा उपदेश तुम्ही अनेकदा ऐकला असेल: पाखरं पेरत नाहीत, पण पहाटे उठून दाणे शोधायला जातातच की. खरं आहे ते, पण मला त्या वचनाचा जोर तिथे दिसत नाही. येशू पाखरांचं उदाहरण देऊन लगेच विचारतो, ‘तुम्ही त्यांच्यापेक्षा श्रेष्ठ नाही काय?’ प्रश्न किमतीचा आहे. माणसाची किंमत त्याच्या कोठारावर, कपड्यावर, हुद्द्यावर ठरत नाही, ती पित्याने ठरवलेली आहे.

ताई, हे वाक्य तुमच्यापेक्षा तुमच्या मिस्टरांसाठी जास्त आहे असं मला वाटतं. ज्या माणसाने 21 वर्षं स्टोअर सांभाळलं, ज्याच्या सहीशिवाय गेटमधून माल हलत नव्हता, त्याला गोदामात दुसऱ्याच्या हाताखाली 19 हजारांवर उभं राहायचं म्हणजे काय वाटत असेल, याचा विचार करा. मंडळीत लोक विचारणार, जुने सहकारी भेटणार. ‘प्रभूने माझ्यासाठी मोठं ठेवलंय’ या वाक्यात विश्वास असेलही, पण दुखावलेला मानही आहे. हे मी त्यांना कमी लेखून म्हणत नाही. मान दुखावणं हे खरं दुःख आहे, आणि त्या दुःखाला घरात दुसरं नाव द्यायला जागा मिळाली नसेल म्हणून ते विश्वासाच्या भाषेत बोलत असतील. देवाच्या लेखी माझी किंमत हुद्द्यावर नाही हे एकदा मनापासून पटलं, की लहान काम हातात घ्यायला माणूस मोकळा होतो. नासरेथची माणसं येशूला ‘हा सुतार ना?’ असं हिणवून म्हणाली, मार्क सहावा अध्याय. वयाच्या तिशीपर्यंत देवाचा पुत्र एका लहानशा गावात होता, आणि गाव त्याला सुतार म्हणूनच ओळखत होतं.

देवाच्या योजनेबद्दल आपल्या मंडळ्यांत एक समज फार पसरलाय. योजना म्हणजे आधीच छापून ठेवलेलं तिकीट, आणि आपण चुकीच्या गाडीत बसलो तर ते वाया जाणार. मग माणूस कुठल्याच गाडीत बसायला धजत नाही. पण शास्त्रात तसं दिसत नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रेषित पौल बिथुनियाला जायला निघतो, आत्मा जाऊ देत नाही, तो खाली त्रोवसला येतो आणि तिथे त्याला मासेदोनियाचं बोलावणं दिसतं. बंद दार त्याला कळलं ते त्या दारापर्यंत चालत गेल्यावर, आणि एक दार बंद झालं म्हणून पुढचं हुकलं नाही. चाकणचं गोदाम जर देवाच्या मनात नसेल तर ते तिथे गेल्यावरही कळेल. तीन महिने ते काम केलं म्हणून सर्वसमर्थ देवाचे हात बांधले जातील, हे मानणं म्हणजे देवाला फार लहान करणं.

तुमच्याकडे भिंतीवर यिर्मया 29:11 चं कॅलेंडर असेलच, माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांत आहे. ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’, ते वचन. ते बाबेलात, म्हणजे बॅबिलोनात, बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. ते लोकही म्हणत होते की आता सुटका होईल, इथे कशाला काही करा. त्यांना पत्रात आधी काय सांगितलंय? घरं बांधा, मळे लावा, त्यांचं उत्पन्न खा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याचं हित पाहा. मग दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत येते, आणि त्यानंतर ते कॅलेंडरवालं वचन. मिस्टरांबरोबर चौथ्यापासून चौदाव्या वचनापर्यंत एकदा सलग वाचा, पण वादात जिंकण्यासाठी नको. ते स्वतः वाचतील, वचनावर त्यांचं प्रेम आहे. तुम्ही फक्त विचारा: आपला मळा सध्या कोणता?

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर दौंडजवळचं केडगाव फार लांब नाही. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन प्रार्थनेवर उभं राहिलेलं घर म्हणून जगभर माहीत आहे. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, तेव्हा त्या सगळ्यांना खायला कुठून येणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी प्रार्थना केली, आणि त्याच बाईंनी विहिरी खणून घेतल्या, शेती केली, मुलींना विणकाम शिकवलं, छापखाना चालवला. त्या घरात गुडघ्यावर येणं आणि कुदळ हातात घेणं यांत कधी भांडण नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते, गप्प राहू की भांडू. दोन्ही नको.

गप्प राहिलात तर ते ‘सगळं चाललंय’ असं धरून बसतील आणि तुम्ही आतून झिजाल. भांडलात तर वचनावर वचन निघेल. आणि एक विनंती: थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रातलं ‘काम करत नाही त्याने खाऊही नये’ हे वचन नातेवाइकांपैकी कोणी त्यांना ऐकवत असेल तर थांबवा, तुम्ही तर मुळीच ऐकवू नका. ते काम न करण्याचं ठरवून दुसऱ्यांच्या जिवावर फिरणाऱ्यांना लिहिलंय. काम गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं तर मत्तयाचा विसावा अध्याय आहे, द्राक्षमळ्यातले मजूर. संध्याकाळी पाचच्या सुमाराला धनी बाजारात जातो, तिथे अजूनही काही जण उभे असतात. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, तो विचारतो. ते म्हणतात, ‘आम्हांला कोणी कामावर लावले नाही.’ तो त्यांना आळशी म्हणत नाही. त्यांना कामावर लावतो, आणि तासाभरासाठी दिवसाची पूर्ण मजुरी देतो, कारण घरी त्यांनाही दिवसभराचं खाणं लागणार असतं. नोकरी गेल्यावर ज्याने चार-पाच ठिकाणी नकार घेतलाय, त्या माणसाला हा दाखला वाचून दाखवा. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मुलाखतीला जायचं आणि समोरच्या पंचविशीतल्या पोराने ‘कळवतो’ म्हणायचं, यात माणूस मोडतो. कदाचित ते देवाची वाट पाहत नसतील, पुढच्या नकाराला भीत असतील.

बोलायला वेळ नीट निवडा. रात्रपाळीहून आल्याआल्या नको, मुलांसमोर नको, बायबल हातात असताना नको. तुमच्या सुट्टीच्या दिवशी दोघं बाहेर चालायला जा. पहिलं वाक्य फीचं नसावं. ‘कंपनी बंद झाली त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं, हे आपण कधी बोललोच नाही,’ असं काहीतरी म्हणा आणि ऐकत राहा. त्यांना रडू आलं तर येऊ द्या. पैशांचं बोलणं दुसऱ्या दिवशी झालं तरी चालेल, पण तेव्हा मात्र आकड्यांत बोला: घरात येतात किती, जातात किती, मार्चपर्यंत किती लागणार. कागदावर दोघांनी मिळून लिहा. आकडे मांडणं म्हणजे चिंता करणं नव्हे. बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हे येशूनेच सांगितलंय, लूक चौदावा अध्याय.

गोदामाच्या कामाबद्दल मी एक बाजू त्यांचीही धरते. ते नाकारण्यामागे व्यवहारी कारण असू शकतं. तिथे बारा तासांची पाळी आहे का, पीएफ आहे का, येण्याजाण्यात किती जातं, पाठीला झेपेल का, हे विचारा. कारण पटण्यासारखं असेल तर ते काम सोडा, पण मग दुसरं शोधायचं. स्टोअरचा 21 वर्षांचा अनुभव पिंपरी-चाकण-रांजणगाव पट्ट्यात फुकट जाण्यासारखा नाही. एक्सेल आणि टॅली हात बसेपर्यंत शिकून घ्यावं, बायोडेटा मुलीने नीट टाइप करून द्यावा, राज्य सरकारच्या महास्वयंम पोर्टलवर नाव नोंदवावं, जुन्या पुरवठादारांना फोन करावेत. आणि काम पटण्यासारखं असेल तर ‘सहा महिने करून पाहू, चांगलं मिळालं की सोडू’ एवढंच ठरवा. कायमचं म्हटलं की माणूस अडतो, मुदत ठरली की पाऊल टाकतो. फोन मात्र त्यांनीच करावा, तुम्ही परस्पर करू नका.

तोवर घराचं काम वाटून घ्यायला नोकरीची गरज नाही. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने येतात, तर किनाऱ्यावर पुनरुत्थित प्रभूने निखाऱ्यावर मासळी आणि भाकर ठेवलेली असते. ‘या, न्याहारी करा,’ म्हणतो. रात्रभर राबून आलेल्या माणसांसाठी प्रभूने स्वतः न्याहारी केली, तर तुमच्या सकाळच्या चहा-पोळीची आणि मुलांच्या डब्यांची जबाबदारी मिस्टरांनी घ्यायला काय हरकत आहे? हे त्यांना सरळ मागा. मला वाटतं ते देतील, आणि आपण घरात उपयोगी आहोत ही जाणीव त्यांना उपासाइतकीच बळ देईल.

त्या 25 हजारांबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. देवाला दान देणं ही आनंदाची गोष्ट आहे. पण नोकरी गेलेल्या माणसाला ‘बी पेर, शंभरपट मिळेल’ असं सांगून त्याच्या ग्रॅच्युइटीतून पैसे घेणं याला मी दान म्हणत नाही. मार्कच्या बाराव्या अध्यायात विधवेने दान केलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे अगदी लहान नाण्यांची, गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, पण तिच्या अगदी आधीच्या वचनांत विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर येशू कडाडलाय, ते वाचत नाही. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने साठलेली रक्कम. म्हणजे तिच्यात त्यांची 21 वर्षं आहेत, आणि ती वर्षं तुम्हीही त्यांच्याबरोबर काढली आहेत. गेलेल्या पैशांवरून आता टोमणे मारू नका, पण उरलेले दोघांच्या सहीशिवाय निघणार नाहीत अशा ठेवीत टाका. यापुढे दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, असो की आणखी काही दान, दोघांनी बसून ठरवायचं. पीएफला सध्या हात लावू नका.

एक गोष्ट तुम्ही नर्स असल्यामुळे तुमच्या नजरेतून सुटणार नाही, पण घरच्या माणसाच्या बाबतीत ती सुटतेही. त्यांची झोप कशी आहे, जेवण कमी झालंय का, दाढी-आंघोळ वेळेवर होते का, जुन्या मित्रांचे फोन टाळतात का? शुक्रवारचा उपास आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर गेलाय का? ‘माझं आता काय राहिलंय’ अशा धर्तीचं काही बोलतात का? यातल्या दोन-तीन गोष्टींना जरी हो असेल तरी डॉक्टरांकडे न्या. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. औषध घेणं म्हणजे प्रार्थना सोडणं नाही, हे तुम्ही पेशंटच्या नातेवाइकांना कितीदा समजावलं असेल. आता घरात समजवायचंय.

पाळकसाहेबांशी बोला. मात्र ‘यांना समजवा’ म्हणून नको, तसं झालं तर मिस्टरांना आपल्यावर पंचायत बसवली असं वाटेल. त्यांना सांगा की नोकरी गेलेल्यांसाठी मंडळीत काहीतरी करा. तुमच्या मंडळीत असे ते एकटेच असतील असं मला वाटत नाही. महिन्यातून एकदा अशा माणसांनी एकत्र बसून प्रार्थना करावी आणि उठताना एकमेकांना कामाच्या जागा सांगाव्यात. मिस्टरांना तिथे वचन वाचायला सांगा, ते त्यांना येतं. हे पत्र वाचणाऱ्या इतर मंडळ्यांनीही याचा विचार करावा. ‘देवाची योजना असेल’ असं म्हणून खांद्यावर थोपटणाऱ्यांपैकी निम्म्यांनी जरी आपापल्या कंपनीत एकदा विचारून पाहिलं, तरी पुष्कळ होईल. प्रेषितांच्या चौथ्या अध्यायात पहिल्या मंडळीबद्दल लिहिलंय की त्यांच्यात कोणाला उणं नव्हतं, आणि ते कसं, तेही पुढच्याच ओळीत आहे: ज्यांच्याकडे होतं त्यांनी आणून दिलं. म्हणून मुलीच्या फीसाठी कॉलेजात हप्ते मागा, आणि कमी पडलं तर मंडळीत मागा. आजवर तुम्ही दिलंय, आता घ्यायला लाजू नका.

हे सगळं करूनही ते जागचे हलले नाहीत तर? तीन महिने द्या. त्यानंतर विश्वासात घेण्यासारखा त्यांचा थोरला भाऊ, मामा, कोणीतरी वडीलधारं माणूस मध्ये घ्या, आणि घरखर्चाचे, शिक्षणाचे व्यवहार तुमच्या खात्यातून चालवा. तेव्हाही त्यांच्या प्रार्थनेची थट्टा मुलांसमोर होऊ देऊ नका.

आणि तुमच्या दुहेरी ड्यूट्या या महिन्यापासून कमी करा. एखाद्या रविवारी रात्रपाळीहून आल्यावर उपासनेला जाणं झालं नाही तर झोपा. एलिया संदेष्टा झुडपाखाली ‘आता पुरे’ म्हणून निजला, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. कामाचं बोलणं त्यानंतर झालं.